सांगलीहून तिसवाडीला: मांडवीच्या भरतीवर बेतलेली तीन दिवसांची सहल

गोवा न पाहिलेला माणूस सांगली-मिरजेत शोधावा लागेल. पण पणजी आणि जुने गोवे ज्या जमिनीवर उभे आहेत ते एक बेट आहे, हे तिथे दहादा जाऊन आलेल्यांनाही बहुधा ठाऊक नसते. त्या बेटाचे नाव तिसवाडी. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. मांडवीच्या पात्रात आणखीही बेटे आहेत: दिवाडी, चोडण, जुवे. पोर्तुगीजांची राजधानी वसली ती या नदीच्या काठावर. जुन्या काळी तिथे येणारा माणूस जहाजातून उतरायचा. आज आपण मागच्या बाजूने, महामार्गावरून, पार्किंगच्या गर्दीतून आत शिरतो आणि इतकी मोठी चर्च या आडगावात का, असे एकमेकांना विचारत बसतो.

म्हणून पहिल्यांदा ग्रुप घेऊन जाणाऱ्यांना माझे दोनच आग्रह आहेत. जुन्या गोव्यात पाण्यावरून जा, आणि सहलीची तारीख भरती-ओहोटी बघून ठरवा. बाकी गोष्टी त्यामागून आपोआप जागेवर बसतात.

हा लेख बारा-पंधरा जणांच्या ग्रुपसाठी आहे, सकाळी आमराईत फिरायला येणारे असतात ना, तशांसाठी. त्यातले निम्मे पन्नाशी ओलांडलेले, दोघा-तिघांचे गुडघे दुखणारे, काही जण शाकाहारी. तीन दिवस, दोन रात्री. साताऱ्याहून निघणाऱ्यांनी कोल्हापूरपर्यंतचा प्रवास जास्तीचा धरावा, बाकी सगळे तेच.

आधी तारीख

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात उकाडा अंगाला चिकटतो, आणि पावसाळ्यात घाटात दरडी आणि नदीला लाल पूर. नोव्हेंबरातही एक आठवडा टाळा. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त ३ डिसेंबरला असते आणि त्याआधीची नऊ दिवसांची नोव्हेना २४ नोव्हेंबरपासून सुरू होते. त्या दिवसांत जुन्या गोव्यात भाविकांचा महासागर असतो. सोहळा म्हणून तो बघण्यासारखा आहे, पण चर्चची वास्तू निवांत बघायची असेल तर ते दिवस नकोत.

महिना ठरला की कॅलेंडरवरच्या तिथी बघा. कृष्णा एकाच दिशेला वाहते, त्यामुळे आपल्याला ही सवय नसते. मांडवी मात्र दिवसातून दोनदा उलटी वळते. भरतीला समुद्राचे पाणी आत शिरते आणि नदी डोंगराकडे वाहताना दिसते. किनारपट्टीवर भरतीचा एक जुना ठोकळ हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या आसपास, पहाटे आणि दुपारी. द्वादशीला नऊच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. नेमकी वेळ फोनवर भरतीच्या तक्त्यात मिळते आणि ती निघण्याआधी बघून घ्यायचीच, पण तारखा ठरवायला हा हिशेब पुरतो.

आता याचा उपयोग. चोडणच्या खारफुटीत होडीने आत जायला पाणी हवे, म्हणजे सकाळी भरती हवी. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी बघायला चिखलाचे काठ उघडे हवेत, म्हणजे ऊन तापलेले असताना ओहोटी हवी. दुसरा दिवस दशमी आणि तिसरा एकादशी येईल असा आठवडा धरला की दोन्ही जमते: दशमीला दुपारी दोनच्या सुमाराला ओहोटी, एकादशीला सकाळी साडेआठच्या सुमाराला भरती. शुद्ध की वद्य, याने फरक पडत नाही. ग्रुपमध्ये एकादशी करणारे असतील तर भिजवलेला साबुदाणा आणि राजगिऱ्याचे लाडू बरोबर ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाइतके पाणी या दिवसांत चढत-उतरत नाही, पण होडीला तेवढे पुरते आणि वयस्कर माणसांना चढ-उतर सोपी जाते.

गाडी, पैसे, जबाबदाऱ्या

गाडी पिवळ्या नंबरप्लेटचीच ठरवा. ओळखीच्याची पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने नेणे बेकायदा आहे, आणि तपासणी नाक्यावर सगळा ग्रुप अडकून पडतो. सांगलीहून गोव्याच्या नेहमीच्या रस्त्यांवर कर्नाटक लागतेच, निपाणी-संकेश्वरकडून जा नाहीतर बेळगावकडून. म्हणून कर्नाटक आणि गोवा दोन्ही राज्यांचे परमिट आहे का हे गाडीमालकाला फोनवर न विचारता कागद बघून खात्री करा. सतरा सीटची ट्रॅव्हलर बारा-पंधरा जणांना सुटसुटीत होते. मोठी बस घेऊ नका. बेटावरचे रस्ते अरुंद आहेत आणि फेरीबोटीत ती जाणार नाही.

पैशासाठी निघण्यापूर्वी सगळ्यांकडून सारखी वर्गणी घेऊन एकाकडे द्या. डिझेल, टोल, नाश्ता, होडी, तिकिटे त्यातून. जेवण ज्याचे त्याने द्यायचे, कारण मासे खाणाऱ्याचे आणि वरण-भात खाणाऱ्याचे बिल सारखे येत नाही, आणि तिथून कुरबुर सुरू होते. माणसे मोजायला एक जण नेमा, आणि तो ग्रुपमधला सर्वांत गप्प माणूस असू द्या. बोलघेवड्या माणसाचे मोजणीत लक्ष राहत नाही.

बॅगेत टोपी, पाण्याची बाटली, साधी चप्पल नको तर मागून पट्टा असलेली सँडल, डासांचे मलम, आणि खांदे-गुडघे झाकतील असे कपडे. डब्यात भडंग आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. भडंग दमट हवेत मऊ पडते, म्हणून छोट्या छोट्या पुड्या करा.

रेल्वेने जायचे असेल तर मिरजेहून लोंढा-कॅसलरॉकमार्गे मडगावला जाणारी गाडी आहे. घाट सुंदर आहे. पण मडगावला उतरून पुन्हा गाडी करावी लागते आणि पहिल्या दिवसाचा जो रस्ता मी सांगणार आहे तो हुकतो. माझे मत रस्त्यानेच जाण्याला.

पहिला दिवस: दोन नद्यांच्या मधून दिवाडीला

पहाटे साडेचारला निघा. मिरज-कागवाड-चिक्कोडीवरून किंवा कोल्हापूर-निपाणीवरून बेळगाव. तिथे नाश्ता. पुढे जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट.

कणकुंबीला गाडी थांबवा. माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. ही नदी पूर्वेला जाते आणि कुडलसंगमला कृष्णेला मिळते, म्हणजे आपल्या आयर्विन पुलाखालून गेलेले पाणी आणि हे पाणी पुढे एक होते. आणि याच खानापूर तालुक्याच्या डोंगरांत पश्चिम उतारावर पडलेला पाऊस म्हादईत जातो. म्हादई म्हणजेच पुढची मांडवी. इथे पाऊस पडताना थेंब डोंगराच्या कोणत्या बाजूला पडला यावर तो बंगालच्या उपसागरात जाणार की अरबी समुद्रात, हे ठरते. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक आणि गोव्यात इतकी वर्षे भांडण चालू आहे, त्याचे मूळ याच भूगोलात आहे. ग्रुपमध्ये शेतकरी किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कुणी असेल तर इथून पुढे गाडीत गप्पांची चिंता करू नका.

घाट उतरला की साखळी, मग डिचोली, आणि तिथून नार्वे. नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ हा पहिला मुक्काम. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. मूळ देऊळ पलीकडे दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले आणि लिंग लपवून नदीपार या बाजूला आणले गेले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी आताच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, आणि तसा शिलालेख दारावर आहे. तो वाचल्याशिवाय आत जाऊ नका. अलीकडे गोवा सरकारने वास्तूची नीट दुरुस्ती केली आहे आणि २०२३ मध्ये ती पुन्हा खुली झाली. बुटकी, शांत, दाट झाडीतली जागा आहे. दुपारी देऊळ बंद होण्याआधी पोचायचे म्हणूनच पहाटेची निघायची घाई. जेवण डिचोलीत उरकून घेतले तर पुढे सोपे जाते.

आता पहिली फेरीबोट: नार्व्याहून दिवाडी. गोव्याची फेरीबोट म्हणजे सपाट लोखंडी तराफा, दोन्ही टोकांना उघडणारी फळी आणि कडेला बाकडी. साध्या फेरीत पायी जाणाऱ्याला तिकीट नसते. पद्धत अशी: गाडीत फक्त ड्रायव्हर, बाकी सगळे खाली उतरून आपापले चढायचे. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, फळीवरच्या ओल्या लोखंडावर जपून पाय टाका आणि वयस्कर मंडळींना आधी बाकड्यांकडे न्या. ट्रॅव्हलर चढेल का हे फेरीवरच्या माणसाला आधीच विचारा. ओहोटीला धक्का आणि फळी यांतला उतार वाढतो, तेव्हा लांब गाडीचे बूड घासते. तो नको म्हणाला तर हुज्जत घालू नका. ड्रायव्हरला आमोणे-माशेल-बाणस्तारी रस्त्याने जुन्या गोव्याला पाठवा आणि बेटावर ज्यांना चालवते त्यांनी चालावे, बाकीच्यांसाठी रिक्षा ठरवावी. गाडी नेता आली तर सोन्याहून पिवळे.

दिवाडीवर उतरताच खाजनाची शेते दिसतात. ही नीट बघा, कारण आपल्या कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला यातले बरेच कळेल. समुद्रसपाटीला टेकलेली ही जमीन माती-दगडाच्या बांधांनी नदीच्या खाऱ्या पाण्यापासून वाचवलेली आहे. बांधात लाकडी झडपांचे दार असते, त्याला इथे मानस म्हणतात. भरतीचे पाणी जोर करू लागले की झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातले पाणी बाहेर जाते. ना मोटार, ना माणूस. पावसाळ्यात खारे पाणी सोसणारे कोरगुट भात, नंतर त्याच पाण्यात मासे. आपल्याकडे जादा पाण्याने हजारो एकर मळी जमीन क्षारपड झाली आणि इथे लोकांनी खाऱ्या पाण्याशेजारी शतकानुशतके भात पिकवले. यावर ग्रुपमध्ये तासभर बोलणे होईल आणि व्हायलाच हवे.

बेटाच्या मधोमध टेकडीवर पिएदादचे चर्च आहे. गाडी वरपर्यंत जाते, गुडघेवाल्यांना काळजी नको. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची ही पांढरी इमारत आणि तिचा आराखडा गोमंतकीय पाद्रीने केला असे मानतात. चर्चसमोरून मांडवीची वळणे आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. आपण उद्या काय बघणार आहोत हे इथूनच एकेकाला बोट दाखवून सांगा: ती से कॅथीड्रलची चौकोनी इमारत, तो सेंट काजेतानच्या चर्चचा घुमट, तो डोंगरावरचा सेंट ऑगस्टिनचा एकटा बुरूज. मागच्या दफनभूमीतल्या छोट्या प्रार्थनामंदिरात कदंबकालीन देवळाचे कोरीव दगड आहेत. तिथे आवाज खाली ठेवा. लोकांची माणसे तिथे विसावली आहेत.

उन्हे कलली की दुसरी फेरी: दिवाडीहून जुने गोवे. या दहाएक मिनिटांसाठी सगळा दिवस खर्ची घातला आहे, तेव्हा गाडीत बसून राहू नका, पुढच्या कठड्यापाशी उभे राहा. नारळीतून मनोरे वर येतात. धक्क्यावर उतरून सरळ चालू लागले की समोर जांभ्या दगडाची कमान येते, तीच व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाच्या पणतूने, तो व्हाइसरॉय असताना, १५९९ च्या सुमाराला ती उभारली. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून या कमानीतून शहरात शिरायचा. कमान चालतच ओलांडा. इतर लोक ती परतीच्या वेळी गाडीच्या काचेतून बघतात.

मुक्काम पणजीत करा, जुन्या गोव्यापासून नऊ-दहा किलोमीटर. रायबंदरहून जाणारा नदीकाठचा जुना रस्ता घ्यायला सांगा. त्यातला पणजीकडचा भाग १६३० च्या दशकात बांधलेला तीनेक किलोमीटरचा बांधपूल आहे, आणि आजही त्यावरून वाहतूक चालते. कळंगुट-बागाकडे स्वस्त खोल्या दिसल्या तरी मोहात पडू नका. रोज दोन वेळा पूल ओलांडण्यात वेळ जातो.

दुसरा दिवस: सकाळी चर्च, दुपारी मगरी

आधी रीत सांगतो, कारण ग्रुपमध्ये पहिल्यांदा चर्चमध्ये जाणारे असतात आणि विचारायला संकोचतात. चपला बाहेर काढायच्या नाहीत. टोपी मात्र काढायची. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर दारावर अडवतात. प्रार्थना चालू असेल तर मधल्या वाटेने पुढे जाऊ नका, मागे बसा किंवा बाहेर थांबा. वेदीकडे पाठ करून पोज देऊन फोटो काढू नका. आपल्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात कुणी तसे केले तर आपल्याला जे वाटेल, तेच तिथल्या माणसाला वाटते. गोवेकर ख्रिस्ती माणूस झेवियर यांना गोंयचो सायब म्हणतो, आणि त्या हाकेत भक्ती आहे. तिथे अनेक हिंदूही मेणबत्ती लावायला येतात. रविवारी सकाळी प्रार्थना असतात म्हणून हा दिवस रविवारी येऊ देऊ नका. शुक्रवारी संग्रहालय बंद असते, तोही वार नको.

नऊला बॉम जेझसच्या चर्चमध्ये हजर राहा, बसगाड्या दहानंतर येतात. १५९४ ते १६०५ मध्ये बांधलेली ही वास्तू. बाहेरून तांबडी दिसते ती जांभ्यामुळे. मुळात तिला चुन्याचा गिलावा होता, विसाव्या शतकाच्या मध्याला तो काढला गेला. लोकांना तांबडा रंगच आवडतो, पण जांभा सच्छिद्र असतो, दर पावसात तो पाणी पितो आणि झिजतो. भिंतीच्या खालच्या भागातले खड्डे बघा म्हणजे कळेल. दर्शनी भागातला कोरीव काळा दगड वेगळा आहे, तो वसईहून गलबतांतून आणला होता.

आत उजव्या अंगाला झेवियर यांची समाधी. त्यांचे निधन ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर झाले आणि पार्थिव १५५४ मध्ये गोव्याला आले. चांदीची पेटी सतराव्या शतकात गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवला आणि तो १६९८ मध्ये बसवला. अवशेषांचे जाहीर दर्शन दर दहा वर्षांनी असते. गेल्या वेळचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असे झाले. एरवी पेटी उंचावर दिसते, एवढेच.

याच पेटीशी आपल्या इतिहासाचा एक धागा बांधलेला आहे आणि तो मी ग्रुपला इथेच उभे राहून सांगतो. नोव्हेंबर १६८३. संभाजी महाराजांचे मावळे रात्री ओहोटी साधून जुवे बेटावर उतरले आणि तिथला कोट घेतला. म्हणजे या राजधानीपासून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कौंट द आल्व्होर फौज घेऊन चालून गेला, जखमी झाला आणि मोठी हानी सोसून परतला. शहर पडणार अशी भीती पसरली, तेव्हा त्याने झेवियर यांच्या समाधीपाशी येऊन आपला राजदंड संताच्या पार्थिवाजवळ ठेवला आणि शहर त्याच्या हवाली केले. पुढे मोगल फौज कोकणात उतरल्याने महाराजांना माघारी फिरावे लागले. ओहोटी किती वाजता आहे याला राज्याच्या इतिहासात केवढे मोल असते, ते या एका रात्रीवरून समजते. वेळ असेल तर जुव्याच्या टेकडीवरचा कोट संध्याकाळी बघता येतो, बेटावर जायला आता पूल आहे.

समोर रस्ता ओलांडला की से कॅथीड्रल. १५६२ ला काम सुरू झाले आणि मुख्य बांधकाम १६१९ पर्यंत चालले. पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला, सेंट कॅथरिनच्या दिवशी, आदिलशाहीकडून गोवे घेतले, म्हणून हे तिला वाहिलेले. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला नाही. उरलेल्यात ती नावाजलेली सोन्याची घंटा आहे. शेजारच्या असिसीच्या चर्चमध्ये १५२१ च्या जुन्या इमारतीचे काळ्या दगडाचे दार नव्या भिंतीत तसेच ठेवले आहे. जहाजाच्या दोरांसारखे पीळ त्यावर कोरलेले दिसतील. त्याच आवारात पुरातत्त्व संग्रहालय. तिथे कदंबकालीन मूर्ती आणि वीरगळ आहेत, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रे एका रांगेत. इथे घाई करू नका. काजेतान मात्र पंधरा मिनिटांत होते: रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवरचा घुमट, आणि आवारात आदिलशहाच्या वाड्याच्या दाराची उरलेली चौकट.

मग डोंगरावर, सेंट ऑगस्टिनचे भग्नावशेष. माझ्या मते सगळ्या जुन्या गोव्यात हीच जागा सर्वांत बोलकी आहे. १८३० च्या दशकात पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले, मठ रिकामे झाले. १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भिंत. शेहेचाळीस मीटर उंचीच्या बुरुजाचा अर्धा भाग आता उभा आहे. तिथली घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये वाजते, ती उद्या ऐका. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणात मारली गेली, तिच्या अस्थी या मठात आणून ठेवल्या होत्या. उत्खननात त्या सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेने तपासल्या आणि २०२१ मध्ये भारताने त्यातला अंश जॉर्जियाला दिला.

लाखभर वस्तीचे शहर ओस का पडले, हे विचारणार कुणीतरी असतेच. पटकी आणि हिवतापाच्या साथी, गाळाने भरत गेलेली नदी, दूषित विहिरी. लोक हळूहळू उठून गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. सोडून दिलेल्या घरांचे दगड काढून नेले गेले, चर्च तेवढी राहिली.

बाराच्या उन्हात जेवून घ्या आणि दीडपर्यंत बाणस्तारीकडे निघा. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी दाखवणाऱ्या बोटी असतात, आदल्या दिवशी फोन करून ठरवा. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यांनाही. भिलवडी-औदुंबरच्या काठाला आपण मगर बघतो तीच ही जात, फरक इतकाच की इथे ती निमखाऱ्या पाण्यात राहते. दुर्भाटसारख्या गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, त्याला मानगे थापणी म्हणतात. बांध सांभाळणाऱ्या शेतकऱ्याने मगरीला राखणदार मानले. बोटीत हात पाण्यात सोडू नका आणि मगरीला खायला टाकण्याचा हट्ट धरू नका.

संध्याकाळी पणजीच्या धक्क्यावरून नाच-गाण्यांच्या बोटी सुटतात. ग्रुपमध्ये मागणी होते. तासाभरात नदी कमी आणि स्पीकर जास्त मिळतो. त्यापेक्षा जुन्या गोव्याच्या डोंगरमाथ्यावरच्या आवर लेडी ऑफ द माउंट या चर्चपाशी सूर्यास्ताला जा. सकाळी पाहिलेले सगळे खाली मांडलेले असते.

तिसरा दिवस: चोडण, आणि परत

सातला रायबंदरच्या धक्क्यावर. इथून चोडणला फेरी आहे, २०२५ पासून या मार्गावर मोठी रो-रो बोटही चालते. पलीकडे उतरताच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, पावणेदोन चौरस किलोमीटरचे खारफुटीचे जंगल. वनखात्याचे तिकीट काढा आणि होडी आदल्या दिवशी ठरवून ठेवा. होडी लहान असते, चार-पाच जणांच्या तुकड्या करा. ज्यांची पाळी नाही त्यांनी खारफुटीतल्या पायवाटेवर फिरावे. भरतीच्या पाण्यात होडी मुळांच्या कमानींखालून आत जाते, खंड्या हातभर अंतरावर बसलेला असतो. चिखलात टिपणारे पक्षी बघायचे असतील तर त्यांना ओहोटी लागते, ते भरतीत दिसणार नाहीत. दोन्ही एका फेरीत होत नाही, हे ग्रुपला आधी सांगून ठेवा. मोबाइलवर गाणी लावणाऱ्याला होडीत घेऊ नका.

दहापर्यंत पणजीत. चर्चच्या वळणावळणाच्या जिन्यांवर सगळ्यांनी चढायची गरज नाही, वर बाजूने रस्ता आहे. तिथून फोंतेन्य या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून चालत फिरा. ही राहती घरे आहेत, लोकांच्या दारात आणि पायरीवर बसून फोटो काढल्याने तिथले रहिवासी त्रासले आहेत. नाश्त्याला पातळभाजी आणि पाव घ्या, शाकाहारी मंडळीही खूश. बरोबर न्यायला पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) बेकरीतून घेतली तर घरी पोचेपर्यंत टिकते.

एकला जेवून दोनपूर्वी निघा. म्हापसा, बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा, संकेश्वर, निपाणी, कोल्हापूर. आंबोली घाट अंधार आणि धुक्याआधी चढून झाला पाहिजे, हीच या दिवसाची खरी मर्यादा. परवान्याशिवाय दारूची बाटली महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे आणि बांद्याच्या नाक्यावर गाड्या तपासतात. एकाच्या बॅगेतल्या बाटलीसाठी पंधरा जण ताटकळतात, तेव्हा म्हापशातच स्पष्ट विचारून घ्या. वर्गणीचा हिशेब आंबोलीच्या चहाला सगळ्यांसमोर वाचून दाखवा आणि उरलेले पैसे तिथेच वाटून टाका. सांगलीत गाडी थांबली की प्रत्येकाला घरची घाई असते.